औषध सुटलं का, हे विचारू नका

मधुमेह असलेल्या माणसाला आमच्या वाशिम जिल्ह्यात भेटणारा प्रत्येक जण हल्ली दोनच प्रश्न विचारतो. किती किलो उतरलं? आणि गोळ्या सुटल्या का? पाटणी चौकात भाजी घेताना विचारतात, रिसोडच्या एसटीत विचारतात, लग्नाच्या पंगतीत तर हमखास विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण या दोन प्रश्नांच्या पोटात एक पक्कं मत बसलेलं आहे. वजन वाढलं ते तोंडावर ताबा नाही म्हणून, ते उतरवायचं एकच सूत्र आहे, सूत्र पाळलं की आजार जातो, आणि आजार गेल्याची खूण म्हणजे औषध बंद होणं. हे मत चुकीचं आहे आणि काही जणांच्या तर जिवावर बेतणारं आहे. मी स्वतः मधुमेह आणि थायरॉइड दोन्ही घेऊन जगते, त्यामुळे या मताचा मार माझ्या ओळखीचा आहे. पण हा लेख माझ्या गाऱ्हाण्यासाठी नाही. ज्यांना हे मत ऐकवलं जातं आणि ज्यांना उलटून बोलता येत नाही, त्यांच्या बाजूने कुणीतरी सविस्तर उत्तर द्यायला हवं, म्हणून लिहिते आहे.

आधी समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करू. दिवसातून दोनदाच जेवायचं हा विचार मराठी माणसापर्यंत आणला तो आपल्याच विदर्भातल्या डॉ. श्रीकांत जिचकारांनी. २००४ साली अपघातात ते गेले. पुढे लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो विचार मोहिमेसारखा गावोगाव नेला. दोन वेळा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण, मधे काही नाही, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. व्याख्यानं विनामूल्य. या मोहिमेने एक मोठं काम केलं, ते नाकारणं कृतघ्नपणा होईल. दिवसभर चहा-बिस्किट, चहा-टोस्ट, दुपारचा चिवडा, संध्याकाळचा वडा-समोसा यांची जी रांग आपल्या घराघरांत लागलेली होती, ती तिने तोडली. 'एचबीएवनसी' हा सरासरी साखरेच्या तपासणीचा शब्द किराणा दुकानदाराच्या तोंडी आणला. पहाटे रस्त्यावर माणसं आणली. आणि मूळ मांडणीत सावधगिरी नव्हती असंही नाही. सुरू करण्याआधी रक्ततपासणी करा असं त्यात आहे, हा आहार कुणी करू नये हेही त्यात आहे.

पण व्याख्यान सभागृहात होतं आणि आचरण गावात होतं. सभागृहातून मोबाइलवर, मोबाइलवरून पारावर, पारावरून वावरात जाईपर्यंत तपासणी गळाली, अपवाद गळाले, डॉक्टरांना विचारा हे तर पहिल्याच मुक्कामाला गळालं. शेवटी उरलं ते एवढंच : दोनदा जेव, भरभर चाल, गोळ्या फेकून दे. आणि सब घोडे बारा टक्के या न्यायाने ते पंचविशीतल्या जाड मुलालाही लागू झालं आणि इन्सुलिनवर असलेल्या साठीच्या बाईलाही.

याचं काय होतं ते आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातल्या एका वावरात मी पाहिलं. नात्यातले एक काका, साठी ओलांडलेले, बरीच वर्षं ग्लिमेपिराइडची गोळी घेणारे. गोळी चुकवायची नाही ही शिस्त त्यांनी कधी मोडली नव्हती. फक्त आता सकाळची भाकर बंद केली होती, कारण जेवण दोनदाच आणि पहिलं जेवण दुपारी एकला. सकाळी बिनसाखरेच्या चहाबरोबर गोळी घेतली आणि तुरीत फवारणीचं काम बघायला गेले. अकराच्या सुमारास ते धुऱ्यावर बसले. कपाळ, मान, सदरा, सगळं घामाने निथळत होतं. कामावरच्या बाईने विचारलं, "काका, घाम काहून सुटून राह्यला एवढा?" काका काहीतरी तिरकंच बोलले. हात थरथरत होते. पुन्हा विचारलं तर चिडले. एक जण म्हणाला, ऊन लागलं, सावलीत न्या. दुसऱ्याने हळूच विचारलं, सकाळीच घेतली का? त्या बाईच्या घरात मधुमेह होता, तिला ओळख पटली. तिने आपल्या डब्यातला गुळाचा खडा त्यांच्या तोंडात कोंबला, मग चहाच्या थर्मासातला गोड चहा पाजला. पंधरा-वीस मिनिटांनी काका नीट बोलू लागले. ती बाई त्या दिवशी कामावर नसती तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही करते.

यात काकांची चूक काय? ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या जातीच्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, पोटात अन्न असो वा नसो. टोचून घेतलेल्या इन्सुलिनचंही तेच. जेवण सहा तास पुढे ढकललं आणि त्यात चालणं किंवा वावरातलं काम आलं की रक्तातली साखर खाली कोसळते. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याला हा धोका फारच कमी. म्हणजे एकाच पारावर बसलेल्या, एकाच वयाच्या, एकाच वजनाच्या दोन मधुमेहींपैकी एकाला दुपारपर्यंत उपाशी राहणं चालून जाईल आणि दुसऱ्याला ते दवाखान्यात नेईल. फरक खिशातल्या गोळीच्या पाकिटावर लिहिलेला असतो आणि सूत्र सांगणारा ते पाकीट बघत नाही. जेवणाची वेळ बदलायची असेल तर आधी डॉक्टरांकडून गोळीची मात्रा आणि वेळ बदलून घ्यायची, मग ताटाला हात लावायचा. हा क्रम उलटा केला की नुकसान ठरलेलं. आणि अशी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येकाने चालायला जाताना खिशात तीन-चार चमचे साखरेची पुडी ठेवलीच पाहिजे. थरथर, घाम, धडधड सुरू झाली की तीन चमचे साखर खायची, पंधरा मिनिटं थांबायचं, बरं वाटलं नाही तर पुन्हा खायची, मग भाकर. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालायचं नाही, तडक १०८ ला फोन. सूत्राच्या व्हिडिओइतकी ही माहिती पसरली असती तर मी हा परिच्छेद लिहिला नसता.

आता 'औषध सुटतं' या आशेकडे वळू. ती हवेतून आलेली नाही. ब्रिटनमधला डायरेक्ट नावाचा अभ्यास २०१७ साली लॅन्सेटमध्ये आला. प्रा. रॉय टेलर आणि प्रा. माइक लीन यांनी टाइप २ मधुमेहींना काही महिने दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरींवर ठेवलं. वर्षअखेर ४६ टक्के लोकांची साखर औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली आली. १५ किलो किंवा त्याहून जास्त वजन उतरवलेल्यांत तर ८६ टक्के. हे आकडे खरे आहेत आणि ते सांगितलेच पाहिजेत. पण मग पुढचंही सांगा. त्या अभ्यासात घेतलेल्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता. इन्सुलिन घेणारे त्यात नव्हतेच. ते बहुतेक चांगले जाडजूड ब्रिटिश होते, उतरवायला १५ किलो त्यांच्याकडे होते. दोन वर्षांनी प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं आणि पाच वर्षांनी ते आणखी बरंच घसरलं. इतकी देखरेख, इतके आहारतज्ज्ञ, इतका पैसा ओतूनही. म्हणून एखाद्याची गोळी बंद झाली तर आनंदच आहे, पण तपासणी चालूच ठेवावी लागते, कारण साखर परत येते. आणि ज्याचा मधुमेह पंधरा वर्षांचा आहे, ज्याचं स्वादुपिंड थकलेलं आहे, त्याची गोळी सुटत नाही यात त्याचा काही दोष नाही. चालून, जेवण सांभाळून, गोळी घेऊन त्याने साखर आटोक्यात ठेवली असेल तर तो यशस्वीच आहे. त्याला भर पंगतीत 'अजून चालूच आहेत का गोळ्या?' असं विचारलं की तो काय करतो ते मला माहीत आहे. तो गोळ्या बंद करतो. कुणाला न सांगता. आणि सहा महिन्यांनी पायाची जखम घेऊन येतो.

वजनाच्या काट्याला न्यायाधीश करण्यात तर दुहेरी घोटाळा आहे, आणि तो उलगडून दाखवणारं संशोधन आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो लॅन्सेटने २००४ साली छापला. दोघे शेजारी शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी एकसारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्याच्या लेखी दोघेही सारखेच तंदुरुस्त. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला, तेव्हा दिसलं की ब्रिटिश बाळापेक्षा वजनाने खूपच कमी असलेल्या आपल्या बाळात स्नायू कमी पडतात, चरबी मात्र टिकून असते. आपल्याकडचा मधुमेह असा आईच्या पोटापासून चालत आलेला असू शकतो. आईला नऊ महिने काय मिळालं, यावर मुलाच्या पन्नाशीतली साखर ठरत असेल, तर 'तोंडावर ताबा नाही' हा आरोप नेमका कुणावर करायचा?

आणि म्हणूनच आपल्या गावांत हडकुळे मधुमेही सापडतात. पोट थोडं सुटलेलं, हातपाय काटक्या. यांना कुणी वजन उतरव म्हणत नाही, उलट 'तुला कसली साखर, तू तर वाळलेला' म्हणून तपासणीलाच जाऊ देत नाहीत. याहून वाईट म्हणजे साखर बेसुमार वाढली की माणूस आपोआप वाळतो. शरीर साखर वापरू शकत नाही म्हणून स्नायू आणि चरबी जाळायला लागतं. कारंज्याच्या एका लग्नात मी ऐकलं, एका बाईला सगळ्या मिळून विचारत होत्या, काय केलंस गं, किती छान बारीक झालीस. तिने काहीच केलं नव्हतं. ती रात्रीतून चार-पाचदा लघवीला उठत होती आणि तहानेने घसा कोरडा पडत होता. शाबासकी मिळत होती ती अनियंत्रित मधुमेहाला.

कंबर मोजा म्हटलं तर निदान काहीतरी कळतं. आपल्याकडे पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर गेली की धोका मानतात. शिंप्याकडची टेप पुरते. पण मला याहून मोठी गोष्ट सांगायची आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या भारतीयांवर तीन वर्षं अभ्यास केला, तो २००६ साली छापून आला. जेवण आणि चालणं बदललेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. आणि वजन? वजनात म्हणण्यासारखा फरकच पडला नाही. काटा जागचा हलला नाही आणि तरी आजार अडला. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर डॉ. जेरी मॉरिस यांनी याहून खूप आधी, १९५३ साली, हेच दुसऱ्या बाजूने दाखवलं होतं. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होता, आणि पुढे त्यांच्या गणवेशाच्या पँटींची कंबर तपासली तेव्हा कळलं की जाड कंडक्टरही त्या बाबतीत ड्रायव्हरांपेक्षा बरे होते. हालचालीचा फायदा शरीराला मिळतो, मग किलो उतरो वा न उतरो. महिनाभर चालून काटा हलला नाही म्हणून चालणं सोडून देणाऱ्या माझ्या कितीतरी मैत्रिणींना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मी असं म्हणत नाही की वजनाला काही अर्थ नाही. गुडघ्याची झीज झालेल्या, खरोखर जाड असलेल्या माणसाचं एक किलो उतरलं तर पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो, हे मोजून सिद्ध झालेलं आहे. पाच किलो उतरले तर तो माणूस जिना वेगळ्याच तऱ्हेने चढेल. पण कसे उतरले ते महत्त्वाचं. नुसतं खाणं तोडून उतरवलेल्या वजनात साधारण पाव भाग चरबीव्यतिरिक्त असतो, त्यात स्नायू असतो. जेवणानंतरची साखर सगळ्यात जास्त ओढून घेणारा अवयव स्नायूच. तोच गमावला तर साठीनंतर बाई काट्यावर हलकी आणि अंगाने दुबळी होते. हल्ली वजन उतरवणारी इंजेक्शनं निघाली आहेत, मौंजारो २०२५ च्या मार्चपासून भारतात मिळतं. जिल्ह्याच्या ठिकाणची खात्यापित्या घरची माणसंही त्याची चौकशी करू लागली आहेत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्याचा उपयोग आहेच, पण स्नायूची काळजी तिथेही घ्यावीच लागते.

स्नायू म्हटला की प्रथिनं आली, आणि इथे मला आमच्या जिल्ह्याबद्दल मनापासून वाईट वाटतं. वाशिम म्हणजे सोयाबीन. जून ते ऑक्टोबर जिकडे बघावं तिकडे सोयाबीन. दाण्यात जवळजवळ ४० टक्के प्रथिन, तुरीच्या डाळीच्या पावणेदोनपट. ते सगळं पोत्यांत भरून बाजार समितीत जातं आणि शेतकऱ्याच्या घरी परत येतं ते तेलाच्या पाकिटातून. एके काळी याच वावरात ज्वारी होती. आता ज्वारी विकत घ्यावी लागते, म्हणून ताटात रेशनचा तांदूळ आणि गव्हाची पोळी वाढली. वरण पातळ. घरातल्या बाईचं ताट तर सगळ्यांचं झाल्यावर, उरेल ते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने साठ किलोच्या माणसाला दिवसाला पन्नास ग्रॅम प्रथिन लागतं. दोन वेळची भाकर, पातळ वरण, पालेभाजी, ठेचा यांची बेरीज करून बघा, तिथवर पोचत नाही. अशा बाईला 'कमी खा' सांगणं म्हणजे तिच्याकडे जे थोडं आहे तेही काढून घेणं. तिला सांगायला हवं की भात एक मूद कमी कर आणि वरण दाट कर, मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे ठेव, खात असशील तर अंडं खा, सोयाबीन उकळून वाळवून दळणात टाक, आठवड्यातून दोनदा सोयाबीनच्या वड्यांची भाजी कर. त्यातही आजार बघूनच. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि सोयाबीन त्यानंतर काही तासांनी, नाहीतर गोळी नीट लागू पडत नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारायचंच.

इच्छाशक्तीचा मुद्दा काढणाऱ्यांना आणखी एक विचारते. दम्यासाठी, सांधेदुखीसाठी स्टेरॉइड घेणाऱ्याची भूक औषधाने वाढते. इन्सुलिन सुरू केल्यावर वजन थोडं वाढतं. थायरॉइड कमी पडला की थोडे किलो त्याचे, आणि मुख्य म्हणजे थकवा त्याचा. हे सगळं तुमच्या शरीरात चालू असतं तर तुमची इच्छाशक्ती कुठवर पुरली असती? थायरॉइडच्या नावावर वीस किलो खपवता येत नाहीत, हेही मी तितक्याच स्पष्टपणे सांगेन. पण दोन्ही बाजूंचं वजन नीट तोलल्याशिवाय कुणाला आळशी ठरवू नये.

"शेतात राबणाऱ्याला व्यायाम कशाला?" हा प्रश्न आमच्याकडे इतक्या आत्मविश्वासाने विचारला जातो की त्यापुढे डॉक्टरही गप्प बसतात. पण राबणं आता पूर्वीचं राहिलेलं नाही. पेरणी ट्रॅक्टरवर, निंदणाच्या जागी तणनाशक, मळणीला मशीन. वावरात जायला मोटरसायकल. तूर निघाली, हरभरा निघाला की पुढच्या पावसापर्यंत कित्येकांच्या हाताला कामच नसतं. आणि ज्या बाया अजून सोंगणीला वाकतात त्यांचं वाकणं तासन्‌तास एकाच जागी, एकाच सांध्यावर असतं. त्याने कंबर धरते, मांडीची ताकद वाढत नाही. पन्नाशीच्या शेतमजूर बाईला खाली बसवा आणि हात न टेकता उठायला सांगा. ती आधी डावा हात जमिनीवर टेकेल, मग उजवा गुडघ्यावर, मग कुणीतरी दंड धरेल. आयुष्यभर राबलेली बाई. तिला ताकदीचा वेगळा व्यायाम लागतो, आणि तो तिच्या ओसरीवर होतो. खुर्चीत बसायचं, हात छातीशी, उठायचं, सावकाश बसायचं. दहा वेळा. थांबायचं, पुन्हा दहा. भिंतीला हात लावून रेटे. तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये पाणी भरून उचलायचं, जमेल तसं पाणी वाढवायचं. आठवड्यातून दोन-तीनदा. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं अंगणात फेऱ्या, त्याने जेवणानंतरची साखर खरोखर खाली येते. साडेचार किलोमीटर ४५ मिनिटांत हे चालण्याचं एक माप झालं, गुडघा झिजलेल्या बाईसाठी ते पहिल्या दिवसाचं माप असू शकत नाही. शिवाय वाशिमच्या मे महिन्यात ते सकाळी आठ वाजल्यानंतर कुणाचंच असू नये. शहराबाहेरच्या रस्त्यावर पहाटे अंधारात बाईने एकटीने चालावं असं सांगणाऱ्यांनी आधी तो रस्ता बघून यावा.

याच्या उलट टोकाला मायेने बोलणारे आहेत. बीपी आहे ना, मग धाप लागेल असं काही करू नको. गुडघे दुखतात ना, बसून राहा. साखर आहे, अशक्तपणा येईल. ही माया घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली शारीरिक हालचालींच्या शिफारशी काढल्या तेव्हा प्रथमच दीर्घ आजार असलेल्यांसाठी वेगळी शिफारस केली, आणि ती हालचालीच्या बाजूने आहे. जमेल त्यांनी आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं, जमत नसेल त्यांनी जमेल तितकं. गुडघेदुखीवरचा उपचार म्हणून व्यायाम आता पहिल्या रांगेत आहे. आमच्या जिल्ह्यातून गजानन महाराजांची पालखी शिरपूर, रिसोडमार्गे पंढरपूरला जाते तेव्हा तिच्यामागे चालणाऱ्यांत बीपीच्या, साखरेच्या गोळ्या घेणारे किती असतात ते कुठल्याही वारकऱ्याला विचारा. फक्त पाय बधिर झालेल्या मधुमेहीने अनवाणी चालू नये आणि रोज रात्री तळवे तपासावेत, कारण काटा रुतलेला त्याला कळत नाही. श्रद्धेचा मान राखूनही हे सांगितलंच पाहिजे.

विदर्भात एक आजार असा आहे जिथे सूत्रवाले आणि मायावाले दोघेही तोंडघशी पडतात. सिकलसेल, लाल पेशींचा आनुवंशिक आजार. त्यात उन्हात, पाणी न पिता, दमछाक होईस्तोवर पळणं म्हणजे वेदनेच्या झटक्याला आमंत्रण. म्हणून आयुष्यभर बसवून ठेवणं हाही उपाय नाही. सावलीत, पाणी पीत, मधे मधे थांबत केलेला हलका व्यायाम त्यांनाही हवाच असतो. शिवाय सिकलसेलमध्ये लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे एचबीएवनसीचा आकडा खोटाच कमी दिसू शकतो. लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या रक्तक्षयात तो उलट खोटाच जास्त दिसू शकतो. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका रक्तक्षयी आहेत, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नोंदलं आहे. ज्या एका आकड्यावर 'मधुमेहमुक्त' म्हणून सत्कार होतो तो आकडा निम्म्या बायकांच्या बाबतीत हिमोग्लोबिन बघितल्याशिवाय वाचताच येत नाही.

मला कुणी विचारेल, मग एवढा गुंतागुंतीचा सल्ला प्रत्येकाला द्यायचा कुणी? एक सूत्र निदान लोकांना समजतं तरी. हा या सगळ्यातला सगळ्यात प्रामाणिक आक्षेप आहे. भारतात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत, असं आयसीएमआरच्या २०२३ च्या पाहणीने सांगितलं, आणि वाशिम तर नीती आयोगाच्या आकांक्षित, म्हणजे मागे पडलेल्या, जिल्ह्यांच्या यादीतला जिल्हा. इथे प्रत्येकाला आहारतज्ज्ञ मिळणार नाही. पण म्हणून चुकीचा सल्ला सोपा आहे या कारणाने चालू ठेवायचा का? तिशीनंतरच्या प्रत्येकाची साखर-बीपी तपासायची व्यवस्था सरकारी कागदावर आहे, आशाताई घरोघर जाऊन फॉर्म भरतात, आरोग्य केंद्रात मेटफॉर्मिन आणि बीपीची गोळी फुकट मिळते. तपासणीच्या दिवशी बाई तिथवर येते, रांगेत उभी राहते, काट्यावर चढते. तिथे तिला 'वजन कमी करा' हे तीन शब्द आणि गोळ्यांची पुडी मिळते. त्याऐवजी तिच्या हातातली पाकिटं बघून तीन प्रश्न विचारायला पाच मिनिटं लागतात. कुठली गोळी, कधी घेता, त्यानंतर किती वेळाने जेवता.

९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यात एकाच दिवशी दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात वाशिमचं एक आहे. आमच्या मुलांनी डॉक्टर व्हायला अकोला-नागपूर गाठायचे दिवस संपतील याचा मला आनंद आहे. त्या महाविद्यालयाकडे माझी मागणी आहे. सामाजिक वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून मानोऱ्याच्या, रिसोडच्या, मंगरूळपीरच्या आरोग्य केंद्रांत तपासणीच्या दिवशी बसवा. आणि तिथल्या रजिस्टरमध्ये वजनाच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने आखा. एकात ३० सेकंदांत हात न टेकता खुर्चीवरून किती वेळा उठता आलं तो आकडा लिहा, दुसऱ्यात गेल्या महिन्यात घाम आणि थरथर कधी आली होती का, त्याचं उत्तर. पट्टी आणि पेन तिथे आधीच आहेत.